चार सेकंदांचा फरक

२५ सप्टेंबर १९६२ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत आडवं केलं. हेवीवेट बॉक्सिंगचं जगज्जेतेपद पॅटरसनच्या हातचं गेलं तेव्हा घड्याळात २ मिनिटं ६ सेकंद झाली होती. दहा महिन्यांनी, २२ जुलै १९६३ ला, लास व्हेगासमध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले. पुन्हा पहिलीच फेरी. या वेळी २ मिनिटं १० सेकंद.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा एकाखाली एक लिहिले तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. दहा महिन्यांची मेहनत, पळणं, दोरीच्या उड्या, बॅगवर झिजवलेले हात, रात्री छताकडे बघत पुन्हा पुन्हा आठवलेला तो ठोसा. आणि हे सगळं करून माणसाच्या पदरात पडले चार सेकंद.

रिमॅचच्या, म्हणजे त्याच दोघांच्या पुन्हा होणाऱ्या लढतीच्या, आधी अंदाज लिहून ठेवायची मला सवय आहे. वही साधीच आहे. वर दोघांची नावं, तारीख, आणि खाली एक प्रश्न: पहिल्या वेळी हरणारा का हरला? हे उत्तर लिहून झाल्याशिवाय दुसऱ्या वेळी कोण जिंकेल ते लिहायचं नाही, हा माझा नियम आहे. तो मला सुचला तो पॅटरसनमुळेच, कारण त्याच्या आयुष्यातले दोन रिमॅच एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत.

लिस्टनच्या तीन वर्षं आधी, जून १९५९ मध्ये, स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडलं होतं. सात वेळा तो उठला. सातव्यांदा रेफरीने थांबवलं. त्यानंतर साधारण वर्षभराने, २० जून १९६० ला, त्याच पॅटरसनने योहान्सनला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं आणि गमावलेलं हेवीवेटचं जगज्जेतेपद परत मिळवणारा इतिहासातला पहिला माणूस ठरला. तोपर्यंत ते कुणालाच जमलं नव्हतं.

म्हणजे माणूस तोच. जिद्द तीच, कष्ट तेच, हरल्यावर तोंड लपवावंसं वाटणारा स्वभावही तोच. लिस्टनकडून हरल्यावर ओळखू येऊ नये म्हणून तो खोटी दाढी लावून शहराबाहेर पडला होता. ‘ज्याच्यात जिगर असते तो परत येतो’ असं आपण सहज बोलून जातो. पॅटरसनकडे बघितलं की हे वाक्य मला पुरं पडत नाही. जिगर दोन्ही वेळी होती. फरक हरण्याच्या कारणात होता. योहान्सनचा उजवा हात भयंकर होता, पण तो उजवा हातच होता. तो कुठून येतो हे कळलं की त्याच्यापासून दूर राहता येतं. लिस्टनच्या बाबतीत शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं. पहिल्या लढतीत लिस्टनचं वजन २१४ पौंड होतं आणि पॅटरसनचं १८९. लिस्टनचा हात पॅटरसनपेक्षा कितीतरी लांब पोचायचा. पॅटरसनला ठोसा मारायला जवळ जावंच लागायचं, आणि लिस्टनच्या जवळ जाणं हीच तर अडचण होती. सराव करून हात लांब होत नाहीत.

कारण दुरुस्त होण्यासारखं आहे का, हा माझ्या वहीतला दुसरा प्रश्न. आणि तिसरा प्रश्न मला दादाने शिकवला, तोही शब्दांनी नाही.

दादा कॉलेजात असताना बॉक्सिंग करायचा. एकदा त्याने मला समोर उभं केलं, ग्लोव्हज् दिले आणि म्हणाला, “जॅब मार.” मी डावा हात पुढे टाकला. हात मागे घेताना त्याचा उजवा तळवा माझ्या डाव्या गालावर टेकला. अगदी हलका. “परत मार.” पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत आण. तू तो खालून आणतेस. तेवढा वेळ गाल उघडा पडतो.” मी लक्ष देऊन मारू लागले. चौथा, पाचवा, सहावा जॅब नीट परत आला. मला वाटलं, जमलं. दादा मारायला लावतच राहिला. तिसाव्या-चाळिसाव्या जॅबला खांदा जड झाला, श्वास तोंडाने सुरू झाला, आणि पुन्हा त्याचा तळवा गालावर आला. तो हसला नाही. म्हणाला, “दमल्यावर आपली मूळ सवय परत येते. ताजेपणी सगळेच नीट खेळतात.”

त्या दिवशी खांदा दुखला, पण पुढे बॉक्सिंग बघण्याची माझी नजरच बदलली. दुरुस्ती झाली का, एवढं विचारून भागत नाही. ती दमल्यावर टिकेल का, हे विचारावं लागतं.

हे कळल्यावर अमेरिकेचा जो लुईस आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांच्या दोन लढती मी नव्याने पाहिल्या. १९ जून १९३६ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये पहिली लढत झाली तेव्हा लुईस अपराजित होता. श्मेलिंग त्याच्यासमोर टिकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. पण श्मेलिंगने लुईसच्या लढतींची फिल्म बारकाईने बघितली होती आणि त्याला एक गोष्ट दिसली होती: जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो. माझा यायचा, तसाच. श्मेलिंगने त्या फटीतून उजवा हात घालायला सुरुवात केली. चौथ्या फेरीत लुईस पहिल्यांदा खाली गेला. बाराव्या फेरीपर्यंत त्याच जागेवर तेच ठोसे पडत राहिले, आणि तिथे तो नॉकआउट झाला. जुन्या फिल्ममध्ये लुईसचा सुजलेला डावा गाल दिसतो तेव्हा मला दादाचा तळवा आठवतो.

दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, त्याच मैदानात रिमॅच. मधल्या काळात लुईस जगज्जेता झाला होता, पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय ते जगज्जेतेपद त्याला स्वतःलाच पुरं वाटत नव्हतं. बाहेर नाझी जर्मनीचं राजकारण होतं, दोन देशांचं ओझं दोन माणसांच्या खांद्यावर टाकलेलं होतं, सुमारे सत्तर हजार लोक मैदानात होते. लढत १२४ सेकंदांत संपली. श्मेलिंग तीन वेळा खाली गेला.

या १२४ सेकंदांना लोक सूड म्हणतात, आणि त्यात सूड होताच. पण मला त्यात शहाणपणही दिसतं. लुईसची ती सवय पुरती गेली होती का, हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ती परत यायला वेळच मिळाला नाही. खांदा जड होण्याआधी, श्वास तोंडाने सुरू होण्याआधी काम संपलं. श्मेलिंगला उजवा हात टाकायला जागा हवी होती आणि लुईसने त्याला दोरांपर्यंत मागे रेटून ती जागाच ठेवली नाही. दमल्यावर दुरुस्ती टिकेल की नाही अशी शंका असेल तर दमण्याआधीच लढत संपवायची, हाही एक मार्ग असतो.

याच्या उलट वाटेने गेलेला रिमॅच अलीकडचा आहे, आणि तिथे माझा अंदाज साफ चुकला होता. १ जून २०१९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ. रुईझ तर आयत्या वेळी दुसऱ्या कुणाच्या जागी आलेला. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडलं. रुईझ उठला, जोशुआ संपवायला म्हणून आत घुसला, आणि त्या ठोशांच्या अदलाबदलीत रुईझचा डावा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताचा बाजूने येणारा ठोसा, त्याच्या कानशिलापाशी बसला. त्यानंतर जोशुआ पूर्वीचा राहिलाच नाही. त्या एका फेरीत तो दोन वेळा खाली गेला, सातव्या फेरीत पुन्हा दोन वेळा. शेवटच्या वेळी उठला, कोपऱ्यात जाऊन दोरांवर हात टाकून उभा राहिला, आणि रेफरीने लढत थांबवली.

मी तो कोपऱ्यातला क्षण कितीतरी वेळा पाहिला. दोन्ही हात दोरांवर, नजर कुठेतरी लांब. मी वहीत लिहिलं: ‘हा माणूस आतून तुटला आहे. पुन्हा रुईझच.’ कारणाच्या जागी मी जोशुआचं मन लिहिलं होतं.

७ डिसेंबर २०१९ ला सौदी अरेबियात दिरिया इथे रिमॅच झाला. जोशुआ साधारण २३७ पौंडांवर आला, आधीपेक्षा दहाएक पौंड हलका. रुईझ २८३ च्या आसपास, आधीपेक्षा पंधराएक पौंड जड. आणि बारा फेऱ्या जोशुआने एकच गोष्ट केली: लांब राहिला. जॅब, बाजूला पाऊल, जॅब, पुन्हा बाजूला. रुईझ जवळ आला की मिठी, नाहीतर दोन पावलं मागे. त्याने संपवायला जायचा मोह एकदाही धरला नाही. गुणांवर एकमताने जिंकला, ११८-११०, ११८-११० आणि ११९-१०९.

अनेकांना ती लढत रटाळ वाटली. मला ती फार मोठी वाटते. जवळच्या अदलाबदलीत रुईझचे हात आपल्यापेक्षा वेगाने चालतात हे जोशुआने मान्य केलं. तिथे त्याला हरवायला शिकण्यापेक्षा तिथे जायचंच नाही असं त्याने ठरवलं. मी त्याचं मन बघत बसले होते, आणि कारण होतं अंतरात. दोन मुष्टियोद्ध्यांमधल्या दीड हाताच्या अंतरात.

महंमद अलीने हेच खूप आधी केलं होतं. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरच्या डाव्या हुकने पंधराव्या फेरीत त्याला पाठीवर पाडलं, तो ठोसा अजूनही अंगावर येतो. जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या लढतीत अलीने फ्रेझियर आत आला की त्याच्या मानेमागे हात टाकून त्याला धरून ठेवलं, पुन्हा पुन्हा. तो हुक फिरायला जागाच मिळाली नाही. त्या धरण्यावर टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. पण गुणांवर अली जिंकला.

जिंकणाऱ्याबद्दल मी सुरुवातीला फार विचार करत नसे, आणि वहीतल्या बऱ्याच चुका तिथल्या आहेत. हरलेला माणूस फिल्म बघतो. जिंकलेला बघेलच असं नाही, आणि बघितली तरी त्याला त्यात आपलं बरोबरच दिसतं. जून १९८० मध्ये माँट्रियलला रॉबर्टो डुरानने शुगर रे लेनर्डला त्याच्याच मैदानात नाही, आपल्या मैदानात लढायला लावलं, छातीला छाती भिडवून, आणि पंधरा फेऱ्यांनंतर जिंकला. नोव्हेंबरमध्येच न्यू ऑर्लिन्सला रिमॅच. मधल्या पाच महिन्यांत डुरानने विजय साजरा केला आणि वजन वाढवून बसला. ते घाईघाईत उतरवावं लागलं. लेनर्ड या वेळी पायांवर नाचत राहिला, आणि आठव्या फेरीत डुरानने स्वतःच हात हलवून लढत सोडली. त्यामुळे दोन लढतींमध्ये किती महिने आहेत हे मी आता नावांच्याच ओळीत लिहिते. वेळ कमी असेल तर ज्याला वजन उतरवायचं आहे त्याच्यावर पहिला ताण येतो.

लेनॉक्स लुईस आणि हसीम रहमान यांच्याबद्दल फार लिहायला नको. एप्रिल २००१ मध्ये लुईस दक्षिण आफ्रिकेतल्या समुद्रसपाटीपासून उंचावरच्या जागी उशिरा पोचला, तयारी अर्धवट होती, पाचव्या फेरीत नॉकआउट झाला. नोव्हेंबरमध्ये तयारी करून आला आणि चौथ्या फेरीत जिंकला. असं सोपं कारण क्वचितच मिळतं.

लुईसचाच दुसरा एक रिमॅच मात्र मी वहीत लिहूच शकत नाही. १९९४ मध्ये ऑलिव्हर मकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत हरवलं होतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये दोघं पुन्हा भेटले तेव्हा मकॉल व्यसनातून बाहेर यायला धडपडत होता. लढत चालू असताना त्याने हात खाली सोडले, रिंगमध्ये नुसता फिरू लागला, आणि रडू लागला. पाचव्या फेरीत रेफरीने थांबवलं. लुईससुद्धा गोंधळून बघत होता. त्या लढतीचा निकाल आकड्यांत आहे, पण तिथे हरण्याचं कारण शोधत बसायला माझी लेखणी धजत नाही. एक माणूस आजारी होता आणि त्याला तिथे उभं केलं गेलं, एवढंच मला त्यातून दिसतं. अंदाज बांधणाऱ्याने हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आपण ज्याच्या जॅबचा हिशोब करतो आहोत त्याचं डोकं, त्याचा मेंदू त्या ठोशांखाली असतो.

गुणांवर लागलेल्या निकालाचा रिमॅच सगळ्यात अवघड. तिथे ‘का हरला’ याचं उत्तर द्यायच्या आधी खरंच हरला होता का, हे बघावं लागतं. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९, खाली पडला तर ८, आणि तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसून आपापलं मांडतात. सप्टेंबर २०१७ च्या कॅनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्हकिन यांच्या पहिल्या लढतीत एका जजने ११८-११० असे कॅनेलोच्या बाजूने गुण दिले, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या. दुसऱ्याने ११५-११३ गोलोव्हकिनला, तिसऱ्याने बरोबरी. तीन जज, एकच रिंग, आणि निकाल अनिर्णित. अशा लढती मी आवाज बंद करून पुन्हा बघते. समालोचक आणि प्रेक्षक यांच्या ओरडण्याने हातांवर अडलेला ठोसासुद्धा लागल्यासारखा वाटतो. आवाज गेला की लागलेले ठोसे वेगळे दिसू लागतात: डोकं मागे जातं, पायाची रेघ मोडते, श्वास घेताना तोंड उघडतं. कागदावर बारा रकाने आखून मी माझे गुण मांडते आणि शेवटच्या चार रकान्यांखाली रेघ ओढते. दादाने शिकवलेलं तिथेच दिसतं.

याच पद्धतीने मी आर्तुर बेतरबिएव्ह आणि दिमित्री बिवोल यांचा अंदाज मांडला होता. १२ ऑक्टोबर २०२४, रियाध. बेतरबिएव्ह त्याआधीच्या वीसच्या वीस लढती नॉकआउटने जिंकलेला. बिवोल त्याच्यासमोर बारा फेऱ्या उभा राहिला, पण बेतरबिएव्हला दोन जजनी ११५-११३ आणि ११६-११२ असे गुण दिले, तिसऱ्याने ११४-११४. माझ्या कागदावर शेवटच्या फेऱ्या बेतरबिएव्हच्या होत्या. बिवोल गार्ड उंच ठेवून कोपऱ्यांकडे सरकत होता, ठोसे हातांवर झेलत होता, पण परत मारत नव्हता. मी लिहिलं: दमल्यावर बिवोल थांबतो. त्यामुळे पुन्हा बेतरबिएव्ह.

२२ फेब्रुवारी २०२५, पुन्हा रियाध. सुरुवातीच्या आणि मधल्या काही फेऱ्यांत बेतरबिएव्ह पुढे येत राहिला आणि मला माझं पान खरं होताना दिसत होतं. मग उत्तरार्धात बिवोलने मारायला सुरुवात केली. चार-चार ठोशांच्या जोड्या, आणि मारून झाल्यावर तिथेच न थांबता बाजूला. चाळिशीत पोचलेला बेतरबिएव्ह आता मागून पावलं टाकत होता. निकाल: ११४-११४, ११५-११३, ११६-११२. तेच तीन आकडे, फक्त नाव बदललेलं.

चार महिन्यांत असं काय बदललं, हे मी त्या दिवसापासून शोधते आहे. बिवोलची मूळ सवय गेली, की ती मूळ सवय नव्हतीच, पहिल्या वेळी फक्त तेवढी भीती होती? की बदल बिवोलमध्ये नाहीच आणि वय बेतरबिएव्हच्या पायांत उतरलं? पहिल्या लढतीच्या माझ्या कागदावर नववी फेरी मी बेतरबिएव्हला दिली होती. ती दोनदा पुन्हा पाहिली आणि आता माझी खात्री राहिलेली नाही. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर मी कदाचित दुसराच अंदाज लिहिला असता.

पॅटरसनच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली. १९६० च्या त्या रात्री त्याच्या डाव्या हुकने योहान्सन पडला तो बराच वेळ शुद्धीवर आला नाही. त्याचा पाय नुसता थरथरत होता. गमावलेलं जगज्जेतेपद परत मिळवणारा पहिला माणूस त्या क्षणी रिंगमध्ये उड्या मारू शकला असता. पॅटरसन त्याच्याजवळ खाली बसला, त्याला जवळ घेतलं, आणि पुन्हा लढायची संधी देईन असा शब्द दिला.

१३ मार्च १९६१ ला तो शब्द त्याने पाळला. पहिल्याच फेरीत योहान्सनच्या त्याच उजव्या हाताने पॅटरसन दोन वेळा खाली गेला. दोन वेळा उठला, आणि सहाव्या फेरीत जिंकला.